पुढचं उजवं चाक

"हे चाक तुम्हीच काढलं होतं ना? नीट बघून सांगा."

मीटरकाकांच्या जावयाने मित्राच्या गाडीच्या डिकीतून चाक उचलून दुकानाच्या फरशीवर टाकले. ते एका कडेवर गोल फिरले, थरथरले आणि आडवे पडले. टायरमामांनी हातातला चहाचा ग्लास बाकाखाली ठेवला, हात पँटला पुसले आणि गुडघ्यावर तळहात टेकत खाली बसले. पस्तीस वर्षे याच गाळ्यात उकिडवे बसून त्यांचे गुडघे कामातून गेले होते. त्यांनी टायरवरून अंगठा फिरवला. नक्षीच्या एका खाचेत तो थांबला. तिथे पंक्चरची रबरी पट्टी होती, वरून अगदी सपाट कापलेली.

"पंक्चर माझंच आहे," ते म्हणाले. "शनिवारी संध्याकाळी काढलं. पांढरी गाडी."

"पांढरीच. काल सकाळी भर चौकात हे चाक निखळलं. बायको चालवत होती माझी. मागं मुलगी बसली होती, पाच वर्षांची. बायकोचं मनगट मोडलंय. मागून एखादा ट्रक येत असता तर? नट आवळायला विसरलात तुम्ही! ही भोकं बघा, कशी झालीत."

मामांनी पाहिले. नटांची चारही भोके झिजून लांबट झाली होती. सैल नटांवर चाक बरेच अंतर धावले होते हे सांगायला त्यांना कोणाची गरज नव्हती. हवा भरायला थांबलेले दोघेतिघे आता जवळ सरकले होते.

"पण साहेब," मामा हळूच म्हणाले, "मी तर मागचं चाक काढलं होतं. मागचं डावं. म्हणजे... मला तसं आठवतंय."

"मागचं? आणि निखळलं ते पुढचं उजवं. मग काय, चाक रात्रीतून चालत पुढं गेलं?"

कोणीतरी फिस्सकन हसले. जावई मागे वळला.

"बाबा, तुम्हीच सांगा. आपण यांच्याकडेच दिलं होतं ना हे चाक?"

मीटरकाका दुकानाच्या पायरीशी उभे होते. लेकीच्या एक्स-रेचे पाकीट त्यांच्या काखेत होते. दवाखान्यातून थेट इकडेच आले होते दोघे.

"हो," ते म्हणाले. "यांच्याकडेच."

शब्द न् शब्द खरा होता. तो बोलताना काकांनी नजर मात्र पायरीच्या तुटक्या कोपऱ्यावर ठेवली होती.

 मामांनी स्वतःचे दोन्ही हात उलटसुलट करून पाहिले, जणू ते हात कोणी दुसऱ्यानेच त्यांच्याकडे ठेवायला दिले होते.

"मग राहिलं असेल माझ्याकडून," ते म्हणाले. "वय झालं आता. राहिलं असेल."

जावयाला बहुधा भांडण हवे होते. समोरचा माणूस कबूलच करतो म्हटल्यावर त्याचा आवाज आणखी चढला. उभ्या असलेल्यांकडे वळून तो म्हणाला, "बघा, जीव प्यारा असेल तर यांच्याकडे गाडी देऊ नका." आणि चाक तिथेच टाकून तो गाडीत जाऊन बसला. काका त्याच्या मागोमाग गेले. मामांच्या जवळून जाताना त्यांनी पाऊल उचलले ते असे, की जणू पायाखाली कोणी झोपले आहे.

मीटरकाकांचे आयुष्य तसे कोणाच्या डोळ्यांत भरावे असे नव्हते. एकतीस वर्षे ते घरोघर जाऊन विजेचे मीटर वाचत आले. जिन्याखाली, दाराआड, कुठल्या तरी कपाटामागे वाकायचे, आकडा टिपायचा आणि पुढच्या घरी. त्यांना पाहून कोणाला कधी आनंद झाला नाही. एकतीस वर्षांत त्यांचा एकही आकडा चुकला नाही, हेही कोणाच्या लक्षात आले नाही, कारण न चुकलेला आकडा कोण लक्षात ठेवतो?

त्यांची जी काय ऐट होती ती टायरांत होती. स्वतःच्या जुन्या गाडीचे टायर ते इतके सांभाळत, की बिल्डिंगमधले लोक थट्टेने म्हणत, काका गाडी चालवत नाहीत, फुंकर मारून पुढे सरकवतात. महिन्यातून एकदा, सकाळी टायर गार असतानाच, ते हवा मोजत. नक्षीत अडकलेले खडे स्क्रू-ड्रायव्हरच्या टोकाने उकरून काढत. उभ्या गाडीचे स्टीअरिंग कोणी फिरवले की त्यांच्याच कानाला पीळ बसल्यासारखा चेहरा करत. आणि दर दहा हजार किलोमीटरला, आवारातल्या सपाट कोपऱ्यात, चाकांची अदलाबदल. पुढची दोन्ही सरळ मागे, मागची दोन्ही तिरपी पुढे. डावे उजवीकडे, उजवे डावीकडे. "इंजिन पुढची चाकं ओढतं," ते सांगत. "वळायचं त्यांनीच, थांबायचं जास्त त्यांनीच. मग झिजणार कोण? घरात जो जास्त राबतो त्याला अधूनमधून मागं बसवायचं, एवढं साधं आहे." हे ऐकून काकू आतून म्हणत, "मला कधी बसवताय मागं?" आणि ऐकणारे हसत.

शनिवारी रात्री जेवताना काकांनी जावयाला विचारले होते, "तुमच्या गाडीचे टायर कधी फिरवले होते? पुढचे कडेला झिजलेत. उद्या मी घेतो करायला."

"अहो बाबा, राहू द्या हो," जावई हसत म्हणाला होता. "हे घरी कोण करतं आता? सर्व्हिसिंगला टाकतोच की आम्ही. तुम्ही कशाला कंबर मोडून घेताय?"

बोलण्यात वाईट काही नव्हते. पण ते हसणे काकांच्या मनात कुठेतरी जाऊन बसले. रविवारी पहाटे जावई कामासाठी बसने परतला. लेक नातीला घेऊन सोमवारी गाडीने जाणार होती. नाश्ता करून ती नातीसह शाळेतल्या मैत्रिणीकडे गेली आणि काकांनी किल्ली उचलली. आत्ता सांगायचे नाही असे त्यांनी ठरवले होते. सहा महिन्यांनी जावयाला टायर दाखवायचे आणि साळसूदपणे विचारायचे, काय हो, काही फरक वाटतो का?

काम नेहमीसारखे सुरू झाले. चाके जमिनीवर असतानाच नट अर्धा फेरा सैल केले, गाडी जॅकने उचलून लोखंडी घोड्यांवर ठेवली, प्रत्येक टायरवर खडूने जागा लिहिली. शनिवारी पंक्चर काढलेले मागचे डावे चाक पुढे उजवीकडे आले. एकेक चाक लावून, गाडी खाली उतरवून, मग पान्यावर पाय देऊन शेवटची आवळणी. तीन चाके झाली. चौथ्याचे नट हाताने बसवून त्यांनी जॅक उतरवला, पाना उचलला, तेवढ्यात दुसऱ्या मजल्यावरचे नवे भाडेकरू जिना उतरून आले.

"काका, हे घरीही करता येतं?"

असा प्रश्न काकांना कितीतरी दिवसांत कोणी विचारला नव्हता. मग काय विचारता! पाना हातात छडीसारखा धरून त्यांनी सगळे समजावले. टायर मधोमध झिजला तर हवा जास्त, दोन्ही कडांना झिजला तर कमी, एकाच कडेला झिजला तर चाकांचा कोन बिघडलेला. आणि शेवटी म्हणाले, "सगळ्यात महत्त्वाचं काय, तर शेवटची आवळणी. समोरासमोरचे नट आळीपाळीने आवळायचे. तिथं हयगय केली की बाकी सगळं पाण्यात." भाडेकरूंनी मान डोलावली. काका इतके खूश झाले, की त्यांनी चाकांची चारही झाकणे थाप मारून बसवली, खडू पुसला आणि हत्यारे गोळा करून ते वर गेले. झाकण बसले की नट दिसत नाहीत.

सोमवारी साडेनऊला लेकीचा फोन आला. ती रडत नव्हती. "बाबा, चाक निघालं," एवढेच ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. त्या क्षणी, तिला कुठे लागले हे विचारण्याच्याही आधी, काकांना आपला हात दिसला. हातात पाना होता, आणि तो हवेत होता.

दवाखान्यात ते लेकीचा धड हात धरून तीन तास बसले. जावई धावतपळत आला. त्याच्या डोळ्यांसमोर एकच गोष्ट होती, शनिवारचे पंक्चर. काका तेव्हाच बोलले असते तर बोलले असते. पण तेव्हा डॉक्टर आत होते, मग प्लास्टर चालले होते, मग नात झोपली होती. बोलण्याची वेळ प्रत्येक वेळी पाच मिनिटे पुढे गेली, आणि मंगळवारी टायरमामांच्या पायरीपर्यंत येऊन पोहोचली.

त्यानंतर काकांनी स्वतःशी वकिली सुरू केली. आवळलेही असतील नट आपण. सवयीचा हात आहे, आपोआप चालतो. मामा स्वतःच कबूल झाला, उगाच कोण कबूल होईल? दिवसातून दहा वेळा ते खटला जिंकत आणि लेकीच्या पानात भाजी वाढताना, ती डाव्या हाताने घास चिवडताना दिसली, की हरत. नात गाडीत बसायलाच तयार नव्हती. रस्त्यावर नुसती गाडी सुरू झाली तरी ती आईच्या कुशीत शिरे. आणि भाडेकरू जिन्यात भेटून म्हणाले, "काका, माझ्याही गाडीचे टायर एकदा करून द्या ना. तुमच्यासारखा हात कुठं मिळणार?" काकांनी पाठ दुखते असे सांगितले.

गुरुवारी दुपारी काकू गॅलरीत कपडे वाळत घालत होत्या. काका चिमटे हातात देत होते. लेक आत झोपली होती.

"अहो," काकू कपड्याआडूनच म्हणाल्या, "मी रविवारी इथंच उभी होते."

काकांनी पुढचा चिमटा दिला.

"तीन चाकांना तुम्ही पान्यावर पाय दिलात. मी बघते नेहमी, पाय घसरेल म्हणून जीव वरखाली होतो माझा. चौथ्याला दिला नाहीत."

"मग तेव्हाच का नाही बोललीस?"

"मला वाटलं, ते भाडेकरू बोलून गेले की द्याल." त्यांनी हातातला कपडा झटकला. "तुम्ही काही विसरता असं एकतीस वर्षांत बघितलंय का मी? चार दिवस वाट बघतेय, आज सांगतील, उद्या सांगतील. तो टायरवाला तुमच्या वयाचा आहे हो."

काका खाली बसले. चिमट्यांचा डबा त्यांनी मांडीवर घेतला. इतके दिवस चाललेला खटला त्या दुपारी संपला.

तरीही शुक्रवारी टायरमामांकडे जाताना ते हवेचे निमित्त घेऊन गेले, आपली गाडी घेऊन. दुकानात गर्दी नव्हती. मामा स्टुलावर बसले होते, हातात हवेचा पाइप. पुढे एक टेम्पोवाला पंक्चर चाक दाखवत होता आणि मामा मान हलवत होते.

"नाही हो, चाक नाही काढत मी आता. पुढच्या चौकात आहे एक दुकान, तिकडे जा. हवा पाहिजे तर भरतो."

"अहो मामा, वर्षानुवर्षं तुमच्याकडेच येतोय मी!"

"म्हणून तर सांगतोय," मामा म्हणाले.

टेम्पो गेला. मामांनी काकांना ओळखले. ते उठले आणि एकेका चाकापाशी बसून हवा मोजू लागले. तिसऱ्या चाकापाशी त्यांनी टायरवर हात फिरवला.

"टायर फार छान ठेवलेत तुम्ही, साहेब. चारही सारखे झिजलेत. कोण बघतं?"

"मीच," काका म्हणाले.

"घरीच? हात चांगला आहे." मग जरा थांबून, "लेक कशी आहे?"

"बरी आहे."

"आणि बाळ?"

 काका सांगायला आले होते, वाक्य घरून जुळवून आणले होते. पण त्या माणसाने बाळाची चौकशी केली आणि ते वाक्य विरघळून गेले. त्यांनी मान हलवली, गाडीत बसले आणि निघाले. पुढच्या वळणावर गाडी कडेला घेऊन ते स्टीअरिंगवर कपाळ टेकून बसून राहिले. एकदा चूक झाली होती ती हाताची. ही दुसरी कोणाच्या माथी मारणार?

रविवारी जावई आला. जेवणे झाली, नात टीव्हीसमोर बसली. काकांनी टीव्हीचा आवाज जरा वाढवला आणि आतल्या खोलीत येऊन दार लोटले. लेक पलंगावर होती, जावई खुर्चीत, काकू दाराशी.

"चाक मी काढलं होतं," ते म्हणाले. "रविवारी. चारही काढली, फिरवून लावली. मामांनी पंक्चर काढलेलं मागचंच होतं, ते मी पुढं लावलं. शेवटच्याचे नट आवळायचे माझ्याकडून राहिले."

 बाहेर टीव्हीवर कसले तरी गाणे चालले होते. जावई खुर्चीत पुढे सरकला. तो ओरडेल अशी काकांनी मनाची तयारी केली होती. ओरडला असता तर बरे झाले असते.

लेकीनेच विचारले. "बाबा, दवाखान्यात माझा हात धरून बसला होतात. तेव्हा माहीत होतं तुम्हाला?"

"हो."

"आणि दुकानात यांनी विचारलं तेव्हा?"

"हो."

तिने हात मागे घेतला. काकांच्या हातात तो नव्हताच, पलंगावर होता, तरी तो मागे गेलेला काकांनी पाहिला. "मनगट जुळेल बाबा," ती म्हणाली. "ते नाही मी म्हणत." आणि भिंतीकडे तोंड करून पडली.

जावई उठला, त्याने पायात बूट चढवले. "चला," म्हणाला. "मी त्यांना चार माणसांत बोललोय."

दुकानापर्यंत दोघे चालत गेले.  रविवार असल्यामुळे हवेसाठी बऱ्यापैकी रांग होती. जावई पुढे होऊन बोलू लागला, तसे काकांनी त्याच्या दंडाला धरून त्याला मागे केले.

"मामा, मला बोलायचंय. सगळ्यांसमोर."

आणि ते बोलले. उभ्या उभ्या, मीटरचा आकडा वाचून दाखवावा तसे. काय केले, कधी केले, काय राहिले. "त्या दिवशी मी इथंच उभा होतो," ते शेवटी म्हणाले. "मला ठाऊक होतं. तरी बोललो नाही." रांगेतल्या एकाने "अरेरे" म्हटले; ते कोणासाठी होते कळले नाही. काकांच्या कानांच्या पाळ्या तापल्या होत्या. एवढी माणसे आपल्याकडे एकदम बघताहेत असे त्यांच्या आयुष्यात पहिल्यांदाच घडत होते.

मामांनी हवेचा पाइप खुंटीला अडकवला.

"म्हणजे मागचं डावंच होतं?"

"मागचं डावंच."

"नक्की?"

"नक्की. मी खडूने लिहिलं होतं."

मामांनी मोठा श्वास सोडला. "रोज लावून बघतोय मी ते चाक," ते म्हणाले. "इथं, डोक्यात. एकदा मागं बसतं, एकदा पुढं बसतं. एकदा वाटतं आवळलं, एकदा वाटतं नाही. बायकोला म्हटलं, मला काही आठवेनासं झालंय बघ."

"मामा, मी जे बोललो ते..." जावयाने सुरुवात केली.

"तुम्ही बोलणारच. बाळ होतं गाडीत." जावयाच्या खांद्यावर त्यांनी हात ठेवला. मग ते काकांकडे वळले. रागावलेले दिसत नव्हते. नुसते निरखत होते. "तुम्ही परवा हवा भरायला आला होतात," ते म्हणाले.

"हो."

"मी तुमच्या टायरचं कौतुक केलं."

काकांनी मान खाली घातली.  माफ केले असे मामा म्हणाले नाहीत आणि काकांनी ते मागितलेही नाही.

रांगेत एक पंक्चर झालेली निळी गाडी होती. तिचा मालक पुढच्या चौकात जाण्याच्या बेतात होता. तो म्हणाला, "मग मामा, आता काढाल ना चाक?" मामा घुटमळले. आत गेले, कोपऱ्यातल्या लोखंडी पेटीतून पाना काढून आणला. चाक काढले, पंक्चर काढले, चाक बसवले. हात तोच होता, जलद, एकही हालचाल वाया न घालवणारा. काकांसारख्या माणसाला तो बघून हेवा वाटावा. समोरासमोरचे नट त्यांनी आळीपाळीने आवळले, पान्यावर पाय देऊन शेवटचा जोर दिला आणि गाडीवर थाप मारली. मालकाने इंजिन सुरू केले.

"थांबा," मामा म्हणाले.

ते पुन्हा खाली बसले. चारही नटांना पुन्हा पाना लावून पाहिला. उठले, दोन पावले मागे आले, आणि परत गेले. या वेळी त्यांनी प्रत्येक नटावर बोट ठेवून ओठांतल्या ओठांत मोजले. मालक खिडकीतून डोकावला. "झालं का हो?"

"झालं," मामा म्हणाले. "जा. सावकाश जा."

गाडी निघाली. रांगेतला पुढचा माणूस आपली गाडी पुढे घेऊन आला, त्याने हॉर्न वाजवला. मामांनी वळून पाहिले नाही. पाना हातात धरून ते रस्त्याच्या कडेला उभे होते आणि निळ्या गाडीचे ते चाक वळणावरून दिसेनासे होईपर्यंत बघत होते. त्यांच्या मागे चार पावलांवर मीटरकाका उभे होते. त्यांनीही तिकडेच पाहायचा प्रयत्न केला, पण मधे मामांची पाठ होती.